मल्हारीचं नवं वाण

"मला गंडवणारा अजून जन्माला यायचाय," मल्हारी म्हणाला आणि भाकरीचा मोठा घास मोडून तोंडात घातला.

त्या भाकरीत कारल्याची पूड होती.

पूड त्याच्या आईनं, मालनबाईनं, त्याच्यापुरत्या पिठात मिसळली होती. वाळवलेलं कारलं, जांभळाच्या बियांचा भुगा आणि येवल्याच्या बहिणीनं सांगितलेला आणखी कसला तरी पाला. पोराची शुगर जावी म्हणून. मल्हारीला भाकरी कडू लागत होती, नाही असं नाही. पण भाकरी कडू लागली तर माणूस आईवर कशाला संशय घेईल? त्यानं किराणा दुकानात जाऊन "जुनी बाजरी गळ्यात मारतो का?" म्हणून तमाशा केला आणि बाजरी बदलून आणली. ती पण कडू निघाली. मग त्यानं गिरणीवाला धरला.

"जात्याला कुणाचं तरी कडू दळण लागलेलं हे," तो बायकोला म्हणाला. "पण मी शोधून काढीन. माझ्या नजरेतून काय सुटत नाय."

दीपमालानं आपला घास मोडला. तिच्या ताटातली भाकरी चांगली गोड होती, आणि तिला नेमका त्याचाच संशय यायला लागला होता.

मल्हारीचा स्वभावच तो. मखमलाबादला त्याचा वालपापडीचा, कोथिंबिरीचा मळा. युरियाची गोणी आली की चिमूटभर जिभेवर टाकून बघायचा, मग थुंकायचा. मार्केट यार्डात अडत्यानं माल काट्यावर ठेवायच्या आधी स्वतः काट्यावर चढायचा. "माझं वजन मला पाठ हे. काटा खोटा असंल तर आत्ताच कळंल." मागल्या वर्षी काट्यानं त्याचं वजन बरंच कमी दाखवलं. त्यानं तिथंच अडत्याची गचांडी धरली, पंच गोळा केले, दुसरा काटा मागवला. त्यावरही तेवढंच भरलं. काटा बरोबर होता. मल्हारीच कमी झाला होता.

तपासण्या झाल्या तेव्हा दोन आजार निघाले. एक शुगर. दुसरा एचआयव्ही. मग दीपमालाला तपासलं, तर दुसरा तिलाही निघाला. कुठून आला, कुणाकडून आला, हे विचारणारे गावात कमी नव्हते, म्हणून तर दोघांनी तो कुणाला सांगितलाच नाही. घरात, भावकीत, मळ्यात सांगितलं, शुगर. दोघांना? दोघांना. सरकारी दवाखान्यातून फुकट मिळणाऱ्या गोळ्या शुगरच्या डब्यात गेल्या, खऱ्या शुगरच्या गोळ्याही तिथंच गेल्या, आणि डबा कपाटात गेला.

"नवरा-बायकोला एकदम शुगर कशी झाली गं?" शेजारची लताबाई मालनबाईला विचारायची. "एका बशीत चहा पितेत का?"

मालनबाई नुसती "हूं" म्हणायची.

एचआयव्हीच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ वेळेवर घ्यायच्या. वेळ चुकवायची नाही, असं दवाखान्यातल्या योगिनी मॅडमनी बजावलेलं. म्हणून मल्हारीनं मोबाईलला कोंबड्याच्या आवाजाचा गजर लावला. आता सकाळची वेळ म्हणजे नेमकी लिलावाची वेळ. बोली रंगात आली की मल्हारीच्या खिशात कोंबडा आरवायचा, आणि मल्हारी फोन कानाला लावून "हां, हां, बोला" करत भाजीच्या जाळ्यांच्या थप्पीमागं जायचा. गोळी गिळून तोंड पुसत परत यायचा.

लताबाईचा नवरा धोंडीराम हे रोज बघत होता. त्याचा मळा मल्हारीच्या कुंपणाला लागून. त्यालाही वालपापडीच होती, आणि मल्हारीपेक्षा भाव कमी मिळाला की त्याला जेवण जात नसे.

"ह्याला वाशीच्या मोठ्या मार्केटावरून भाव कळवतंय कुणीतरी," तो लताबाईला म्हणाला. "रोज एकाच टायमाला फोन. नेमका बोलीच्या वक्ताला. आपल्याला काय समजत नाय का?"

तर अशी सगळीकडं नजर. आणि ह्या सगळ्यात मल्हारीला पाहिजे होतं एक मूल.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. आजार निघाल्यावर दोघांनी तो विषयच गुंडाळून माळ्यावर टाकला होता. पण औषध चालू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं, दोघांच्या अंगात ताकद आली, आणि एका भेटीत योगिनी मॅडमनीच विषय काढला. मूल होऊ शकतं, म्हणाल्या. माझ्या सल्ल्यानं वागायचं, बाळंतपण दवाखान्यात, बाळालाही औषध, मग बाळ निरोगी राहायची आशा चांगली आहे. दीपमाला तिथंच रडायला लागली. मल्हारीनं आधी मॅडमकडं संशयानं बघितलं, मग तोही रडला.

मग मॅडमनी त्याच्या बीजाची तपासणी सांगितली. रिपोर्ट आला तो पडेल.

"तुमची शुगर कायम वर असते," मॅडम म्हणाल्या. "त्याचा बीजावर परिणाम होतो. आधी शुगर खाली आणा. चाला, वेळेवर जेवा, गोळी चुकवू नका. तीन-चार महिन्यांनी परत तपासू. आणि मल्हारी, एक ऐका. झाडपाला, काढा, चूर्ण, काही घ्यायचं नाही. काही पाल्यांनी शुगर धाडकन पडते. काहींनी ह्या गोळ्यांचा जोर कमी होतो. कुठल्यानं काय होतं ते मलाही सगळं माहीत नाही, म्हणून मला विचारल्याशिवाय तोंडात काही घालू नका."

"मी? झाडपाला?" मल्हारी म्हणाला. "मॅडम, मी युरियासुद्धा तपासून घेतो."

त्याच आठवड्यात तो हरसूलच्या बाजाराला गेला.

त्याचं म्हणणं साधं होतं. तीन-चार महिने म्हणजे वालाचा अख्खा हंगाम. आणि डॉक्टर लोक झाडपाल्याला नको म्हणणारच, त्यांचा धंदा बसतो. हरसूलच्या बाजारात सावळीराम नावाचा वैद्य बसतो, मर्दांच्या तक्रारीवर त्याचं औषध रामबाण, असं त्यानं यार्डात कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. तो एष्टीनं गेला.

सावळीराम वैद्य तळवटावर मुळ्या, साली, बरण्या मांडून बसला होता. मल्हारीनं आवाज खाली करून तक्रार सांगितली. वैद्यानं एका बरणीतून पांढरट चूर्ण काढलं.

"दुधातून घ्या. दोन महिन्यांत पाळण्याची ऑर्डर द्या."

"चूर्ण नको," मल्हारी म्हणाला. "चूर्णात तुम्ही काय दळलं कुणाला ठाऊक? अख्खं बी दाखवा."

वैद्यानं काळंभोर, चमकदार बी दाखवलं. वालाएवढं.

"हे शेंगेतून तुम्हीच काढलं कशावरून? शेंग दाखवा."

"शेंगा त्या पोत्यात हायेत. पण पोत्याला हात नका लावू, शेठ. ती खाजकुइली हे. शेंगेवर लव असती. बी औषधी, पण लव लागली तर..."

मल्हारी हसला. आयुष्यभर त्यानं व्यापारी बघितले होते. वरच्या थराला ताजा माल आणि खाली सडका, आणि हात घालायला लागलं की 'नका घालू, हात खराब होतील.' हात घालू देत नाही म्हणजे खाली काळंबेरं असणार. भाजीवाला पोतं तपासतो ते तळापासून. मल्हारीनं बाही वर केली आणि पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. तळाच्या मूठभर शेंगा वर काढल्या, एक मोडली, वास घेतला, आणि सवयीनं गालाला घासून बघितली. ओलावा आहे का ते कळतं.

"माल चांगला हे," तो म्हणाला.

मग त्याचा हात पेटला. मग गाल पेटला. मग ज्या ज्या ठिकाणी त्यानं त्या हातानं खाजवलं ते ते सगळं पेटलं. हरसूलच्या बाजारात लोकांनी कोंबड्या विकायच्या सोडून रिंगण केलं. मल्हारी रिंगणात नाचत होता. वैद्य शांतपणे म्हणाला, "ओलं शेण फासा." कुणीतरी बैलाखालचं आणून दिलं.

परतीच्या एष्टीत त्याच्या शेजारच्या, पुढच्या आणि मागच्या सीटवर कुणी बसलं नाही. पण खिशात पुडी होती. बी त्यानं घेतलंच. एवढं जालीम बी भेसळीचं असणं शक्य नव्हतं.

"हे काय?" दीपमालानं दारातच विचारलं.

"पडलो."

"शेणात?"

"शेणातच पडलो, म्हणून तर लागलं नाय."

"एका गालावर पडला, एका हातावर पडला, आणि बंडीच्या आत पण पडला?"

"तू संशय फार घेती," मल्हारी म्हणाला.

पुडी लपवायची कुठं? कपाट दीपमाला उघडते, पेटी आई उघडते. मळेवाल्याच्या घरात बी लपवायची खरी जागा एकच, बियाण्याचं गाडगं. राखेत वालाचं बी पुरलेलं असतं, त्यातच हे बी ठेवलं. बियांत बी कुणाला दिसणार? दोन-चार दिवसांनी गुपचूप दूध आणून उकळू, असं त्यानं ठरवलं.

पण मालनबाई पेरणी पन्नास वर्षं करत आलेली. ती वाल टोचायला गाडगं उघडून बसली आणि राखेतून हे काळं चमकदार बी वर आलं. असलं वाण तिनं कधी बघितलं नव्हतं. ती येवल्याकडची, तिकडं डोंगरातली खाजकुइली कुठून असणार? आणि मळेवाल्यांत नवं वाण हाती लागलं की कुणी कुणाला सांगत नाही. सख्ख्या भावाला नाही. मल्हारीनं कुठल्या तरी कंपनीचं नवं बी मिळवलंय आणि आईपासून लपवतोय, असं तिच्या मनानं घेतलं. तिला राग आला, पण अभिमानही वाटला. पोरगा शेवटी तिचाच. तिनं गुपित राखायचं ठरवलं. सगळं बी तिनं मागच्या कुंपणाला, बायका कपडे वाळत घालतात तिकडं, गुपचूप टोचलं. तिकडं मल्हारी कधी फिरकत नसे.

कुंपणापलीकडून धोंडीराम बघत होता.

"म्हातारी काहीतरी पेरतीय," तो लताबाईला म्हणाला. "इकडंतिकडं बघून पेरतीय. नवं वाण हे."

मल्हारीनं दूध आणलं तेव्हा गाडग्यात नुसती राख आणि वाल. त्यानं राख चाळली. नाही. बी चोरीला गेलं होतं, आणि चोर धोंडीराम होता, यात त्याला शंका उरली नाही. पण बोंबलायचं कसं? काय चोरलं म्हणून सांगायचं? रोज तो धोंडीरामकडं बारकाईनं बघायचा, ह्याच्या चेहऱ्यावर काही तेज वगैरे येतंय का. धोंडीरामला वाटायचं, हा माझ्याकडं असा का बघतोय, ह्याला वाशीवरून माझ्याबद्दल काय कळलंय?

इकडं भाकरी कडूच होती. वर शुगरची गोळी चालू, आणि मॅडमनी सांगितलं म्हणून मल्हारी चालायलाही लागला होता. एका सकाळी लिलावात बोली चढत असताना त्याला घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि तो काट्यावरच आडवा झाला. अडत्यानं सवयीनं वजन वाचलं, मग ओरडला. कुणीतरी तोंडात गूळ घातला. तेवढ्यात खिशात कोंबडा आरवला.

"वाशीचा फोन," धोंडीराम म्हणाला, आणि पळत जाऊन उचलला. पलीकडं कुणीच नव्हतं. हुशार माणसं असणार.

दवाखान्यात योगिनी मॅडमनी शुगर तपासली आणि डोकंच धरलं.

"एवढी खाली? काय घेताय?"

"काय नाय."

"मल्हारी."

"आईची शप्पत मॅडम, काय पोटात गेलं नाय." आता हे बियांपुरतं खरं होतं.

मॅडमनी दीपमालाकडं बघितलं. दीपमालानं मल्हारीकडं बघितलं, मग त्याच्या गालाकडं, जिथं अजून डाग होता. पण ती मनात भाकरीपाशी अडकली होती.

दुसऱ्या दिवशी ती मळ्यात जाते म्हणाली आणि मागल्या दारानं परत येऊन चुलीमागं उभी राहिली. मालनबाईनं परातीत पीठ घेतलं. मग कमरेची पिशवी सोडली आणि हिरवट पूड पिठावर भुरभुरली.

"आत्याबाई!"

मालनबाई दचकली, पण लगेच सावरली. "ओरडती कशाला? कारलं हे. माझ्या लेकाला घालती."

"तो काल मेला असता त्या कारल्यानं! गोळी आहे ना त्याला शुगरची? वर हे कशाला?"

"तू घड्याळ लावून गोळ्या घालती त्याला. मी इचारलं का कधी, कशाच्या म्हणून?"

"शुगरच्या—"

"दीपमाला," म्हातारी म्हणाली, "शुगरच्या डॉक्टरकडं तोंडाला पदर बांधून कोण जातं गं?"

मालनबाईनं पिशवीची गाठ आवळली.

"मी आले होते तुमच्या मागं. मागल्या पोळ्याच्या आधी. मला वाटलं, तू त्याला कुण्या भगताकडं नेती. रिक्षा करून आले. पाटी वाचता येत नाय मला, पण तिथं बाकड्यावर एक बाई होती, तिला इचारलं. तिनं सांगितलं कसला दवाखाना ते, मग म्हणली, आजी, तुमी कुणासंगं आल्या? मी म्हणले, कुणासंगंच नाय. आणि घरी आले."

"मग बोलला का नाही?"

"तुमी मला सांगितलं का? नाय ना. मग मला ठाऊक नाय." मालनबाईनं पीठ परातीत एका बाजूला केलं. "त्या दुसऱ्या दुखण्याला माझ्याकडं काय इलाज नाय, पोरी. म्हणलं, शुगर तरी घालवावी. एक तरी."

दीपमाला तिथंच चुलीपाशी बसली. मग तिनं ते मूल व्हायचं, मॅडमचं, रिपोर्टचं सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि उठून पिशवी उकिरड्यावर झाडली. दुसऱ्या दिवसापासून उकिरड्यावरच्या कोंबड्या जरा सुस्त दिसायला लागल्या, पण ते तेवढंच.

भाकरी गोड झाली. मल्हारी म्हणाला, "बघा, गिरणीवाल्याला दम दिला तेव्हा कुठं जातं धुतलं." त्याला कुणी काही सांगितलं नाही.

हिवाळा आला. मागच्या कुंपणावर वेल माजला, जांभळ्या फुलांचे घोस लागले, मग शेंगा आल्या, सोनेरी, मखमलीसारख्या. मालनबाई लांबूनच बघून खूश व्हायची. अजून पक्व नाही, हात लावायचा नाही, बी धरायचं आहे. पलीकडं धोंडीरामही लांबूनच बघायचा.

संक्रांतीच्या सुमाराला मल्हारीची परत तपासणी झाली. शुगर आटोक्यात. रिपोर्ट चांगला, इतका की मॅडमनी दोनदा वाचला.

"झाडपाला?" त्यांनी विचारलं.

"एक पान नाय," मल्हारी छाती काढून म्हणाला. "लोकांनी लय प्रयत्न केले, मॅडम. पण मला कोण गंडवणार?"

मॅडमनी दीपमालाच्या तारखा बघून कॅलेंडरवर एका दिवसाला गोल केला. त्या दिवशी जमवा, म्हणाल्या, तो दिवस चुकवू नका.

मालनबाईला न सांगता कळलं. त्या दिवशी सकाळीच तिनं येवल्याला बहिणीकडं जायचं काढलं. जायच्या आधी घर झाडलं, आणि थंडीचे दिवस म्हणून पेटीतली ठेवणीतली गोधडी, जी आदल्या दिवशी धुतली होती, ती मागच्या कुंपणाला उन्हात टाकली. पोरांना उबदार, स्वच्छ अंथरूण असावं.

ती घरात पिशवी भरत होती तेव्हा धोंडीराम कुंपणापलीकडून लांब आकडी घेऊन आला. बी चोरायला ह्याहून चांगला मोका नव्हता. त्यानं वेलाला आकडी अडकवली आणि हिसका दिला. वाळलेल्या शेंगा फटाफट फुटल्या, सोनेरी लव धुरासारखी उठली आणि गोधडीवर बसली. काही धोंडीरामवर बसली. तो आकडी टाकून पळाला.

मालनबाईनं गोधडी उचलली, ऊन लागलेली बाजू आत ठेवून घडी केली आणि पलंगावर अंथरली. येवल्यापर्यंत ती खाजवत गेली आणि कंडक्टरला म्हणाली, "तुमच्या सीटात ढेकूण झालेत."

दुपारी घरात दोघंच होते. मल्हारीनं दाराला कडी घातली, मोबाईल बंद केला, पुन्हा चालू केला, आणि संध्याकाळच्या गोळीचा गजर लागलाय ना ते बघितलं. दीपमाला हसली. मग दोघांनी गोधडी ओढून घेतली.

संध्याकाळी लताबाई ताक मागायला आली तेव्हा मल्हारी आणि दीपमाला गोठ्यात म्हशीमागं शेण फासून बसले होते. कुंपणापलीकडच्या गोठ्यात धोंडीरामही तसाच बसला होता. कोंबडा आरवला, तेव्हा मल्हारीचे हात भरलेले होते म्हणून गोळ्या दोघांना लताबाईनं भरवल्या. कॅलेंडरवरचा दिवस तसाच गेला. मॅडमनी पुढच्या महिन्यात गोल केला.